पांढरी चार

गाणाऱ्या बाईला वय विचारलं तर ती विषय बदलते, पण पट्टी विचारली की मान वर करून सांगते. मी तर न विचारताही सांगायचे. काळी चार. पेटीवर काळे सूर असतात आणि पांढरे असतात, त्यातल्या चौथ्या काळ्या सुरावर माझा सा. जुनं गाणं रेकॉर्डवर ज्या पट्टीत आहे त्याच पट्टीत गाणाऱ्या बाईला ऑर्केस्ट्राच्या धंद्यात ‘ओरिजनल स्केल’ म्हणतात, जणू तेच तिचं नाव. माझी ठेवणीतली सगळी गाणी काळी चारमधली होती आणि मी ती तशीच गायचे. बाकीच्या गायिका स्टेजवर चढण्याआधी कीबोर्डवाल्याच्या कानाशी लागायच्या, ‘दोन खाली घ्या हं, आज जरा घसा धरलाय.’ मी आयुष्यात कुणाच्या कानाशी लागले नाही. माझ्याजवळ मिरवण्यासारखं दुसरं होतं तरी काय? रूप बेताचं, उंची बेताची, शिक्षण अकरावीवर थांबलेलं. एक काळी चार तेवढी माझी होती.

लग्नानंतरही मी गात राहिले. गणपतीत, नवरात्रात, सत्यनारायणाच्या मांडवात. मग मांडवांत डीजे आले आणि एका स्पीकरने दहा माणसांच्या पोटावर पाय दिला. त्याच सुमाराला आम्ही गिरगावातली खोली विकून मीरा रोडला आलो, पूनम सागरमध्ये. नवरा भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर. दोघांचाच संसार. शेजारी एका बाजूला गुजराती, दुसऱ्या बाजूला यूपीचे, त्यामुळे दारात उभं राहून मराठीत सुरू केलेलं बोलणं हिंदीत संपायचं. पाणी टँकरचं आणि वेळही टँकरच्या पाण्यासारखाच, आला की भरून ठेवायचा, पण कशासाठी ते कळायचं नाही. नवऱ्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. ‘तुझी काळी चार, माझी फुटपट्टी,’ असं म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. पण घरात गप्प बसलेली मी त्याला बघवेना. एका शनिवारी दुपारी त्यानेच स्कूटर काढली आणि म्हणाला, “चल, आपल्या गावात कुठे कुठे गाणं चालतं ते बघून तरी येऊ.”

ते आमचं शहरदर्शन. नवराबायको जोडीने, भर दुपारी, स्कूटरवरून बार हिंडतायत. मी तर पदर डोक्यावरून घेऊन बसले होते, उन्हासाठी आणि दुसऱ्याही कारणासाठी. स्टेशनच्या आसपास क्वार्टर बार, तिथे गाणं म्हणजे गल्ल्यावरच्या माणसाच्या मोबाइलची रिंग. भाईंदर पश्चिमेला एक फॅमिली रेस्टॉरंट, तिथे शनिवारी गझला व्हायच्या, पण गझला गाणारा मालकाचा मेव्हणाच होता, म्हणजे जागा जन्मभर भरलेली. उत्तनच्या वाटेवर एका हॉटेलात गिटार घेतलेला एक केसाळ पोरगा बसला होता. त्याने मला नीट वरून खालून बघितलं आणि विचारलं, “आंटी, इंग्लिश आता है क्या?” मी म्हटलं, “बोलता नहीं आता, गाने का क्या पूछते हो.” नवरा बाहेर येऊन रस्त्यावर इतका हसला की मलाही हसू आलं.

मग हायवे. काशीगावाच्या बाजूला तेव्हा ओळीने बार होते. रात्री तिथून जाताना ते लांबून बघितलेले होते, निळे-लाल दिवे, दारात सफारी घातलेला माणूस. दिवसा आत गेलो तर खुर्च्या टेबलांवर उलट्या, फिनेलचा वास, आणि सोफ्याचं रेक्झिन किती फाटलंय ते ट्यूबलाइटमध्ये लख्ख दिसत होतं. लग्नघर दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतं ना, तसं. बारमधले नाच सरकारने नुकतेच बंद केले होते. जिथे नाच व्हायचा तिथे स्टेज आलं होतं आणि बाहेर नव्या पाट्या लागल्या होत्या, ‘लाइव्ह ऑर्केस्ट्रा’. एका बारमधल्या मॅनेजरने, हा मंगलोरचा होता, विचारलं, “गाना आता है?” मी म्हटलं, “ओरिजनल स्केल.” त्याला ते काय हे कळलं नाही. पण मागे कीबोर्डच्या वायरी गुंडाळत बसलेल्या माणसाने मान वर केली.

तो आमचा मास्टर. बारमध्ये कीबोर्डवाल्याला मास्टर म्हणतात. हा तारोडीचा, उत्तनकडच्या किनाऱ्यावरच्या गावातला ख्रिश्चन, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. रविवारी सकाळी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि रोज संध्याकाळी मोटरसायकलवरून हायवेला यायचा. मी एकदा विचारलं, “मास्टर, सकाळी देव आणि संध्याकाळी हे, कसं जमतं हो?” तर म्हणाला, “बाय, तितं पन लोक डोळे मिटून बसतात, हितं पन. मना काय फरक न्हाय.” त्याच्या गावाकडे मोठ्या-धाकट्या सगळ्या बायकांना ‘बाय’ म्हणतात. मला ते ऐकायला बरं वाटायचं, कारण त्या बारमध्ये बाकीचे सगळे पुरुष मला मॅडम म्हणायचे आणि ते ‘मॅडम’ मला कधी खरं वाटलं नाही.

स्टेजवर मी, एक पुरुष गायक, मास्टर, ठेका धरणारा ऑक्टोपॅडवाला आणि पाच मुली. मुली म्हणजे आधी नाचणाऱ्या. नाच बंद झाल्यावर त्यांनी जायचं कुठे? तर त्या गायिका झाल्या. कागदावर गायिका. प्रत्येकीच्या हातात माइक, माइक बंद, आणि ओठ हलवत एका जागी उभं राहायचं. नाचायचं नाही, स्टेज सोडायचं नाही. मी त्यांना ‘उभ्या’ म्हणायचे. त्याही हसून स्वतःला उभ्याच म्हणायला लागल्या. ठेक्याचं गाणं लागलं की एखादीचा पाय आपोआप हलायचा आणि मॅनेजर लांबून डोळे वटारायचा. त्यांच्यातली सगळ्यात मोठी एकदा चपला काढून घोटे दाबत मला म्हणाली, “दीदी, पहले नाच के पैर दुखते थे, अब खड़े रह के दुखते हैं.”

कधी तपासणीला कुणी आलं की या मुलींना ‘गाके दिखाओ’ म्हणायचे. म्हणून मी त्यांना एक भजन शिकवलं होतं, नुसता मुखडा. एकदा तिघींना पाठोपाठ गायला लावलं आणि तिघींनी तेच भजन त्याच जागी चुकत गाऊन दाखवलं. आलेल्या माणसाने वहीत काहीतरी लिहिलं, नकळत हात जोडले आणि गेला. त्या संध्याकाळी आम्ही पोट धरून हसलो. पण मॅनेजरने त्या हसण्यात मला जे म्हटलं ते मी विसरू शकले नाही. माझी चांगली सोय सांगावी तसा तो म्हणाला, “मॅडम, आपको तो कभी टेन्शन ही नहीं. आवाज़ चला गया तो भी नौकरी है. खड़े रहने का.”

तेव्हापासून स्टेजवर त्या मुलींच्या रांगेकडे बघायला मला नको वाटायचं. माझ्या आणि त्यांच्या मध्ये अंतर होतं फक्त काळी चारचं.

दिवस सगळे एकाच गाण्यासारखे जात होते. एसीचा गारठा, सिगारेटचा धूर, टिश्यू पेपरवर लिहून आलेल्या फर्माइशी. त्यातल्या निम्म्या एकाच गाण्याच्या. ते एक जुनं रडकं गाणं होतं, अंतऱ्यात आवाज थेट वरच्या षड्जाला जाऊन तिथे थांबायचा. हायवेचे ट्रान्सपोर्टवाले, बिल्डरकडचे लोक, कुणाकुणाचे भाचे-पुतणे, सगळ्यांना तेच हवं. मी ते गायचे आणि ज्याने मागितलं तो त्या वरच्या सुराला बरोब्बर फोनवर बोलायला लागायचा. मी दमले होते. गाण्याने नाही दमले, कुणी ऐकत नसताना गाण्याने दमले. घरी आल्यावर गाण्याचं नावसुद्धा नको वाटायचं. रियाज सुटला. पेटी माळ्यावर गेली, तिच्यावर जुन्या चादरींचं गाठोडं गेलं. एक मात्र नवल होतं. इतक्या धुरात, इतक्या जागरणांत गळा साथ देत होता. उलट तो वरचा सूर दिवसेंदिवस सोपा होत चालला होता. मला वाटायचं, चला, एवढी तरी देवाने कृपा केली.

मग एक दिवस गणपतीच्या मांडवांच्या काळातला आमचा एक तबलजी भेटला, मीरा रोडच्या भाजी बाजारात. तो आता एका चांगल्या संचात वाजवत होता. जुनी मराठी-हिंदी गाणी, थिएटरात तिकीट लावून कार्यक्रम, प्रेक्षक सगळे घरंदाज, मध्यंतरात बटाटेवडा. त्यांची एक गायिका लग्न होऊन परदेशी गेली होती आणि ते तिच्या जागी बाई शोधत होते. तो म्हणाला, “तू येच. रविवारी सकाळी बोरिवलीला शाळेच्या हॉलमध्ये ट्रायल आहे. तुझ्यासारखी ओरिजनल स्केलवाली त्यांना कुठे मिळणार आहे?”

मी भाजी न घेताच घरी आले. नवऱ्याला सांगितलं तर त्याने लगेच शनिवारी स्कूटर धुवायला काढली. मास्टरलाही सांगितलं. हे मी नीट आठवून लिहितेय, कारण पुढे मला ते फार छळत राहिलं. बार उघडायच्या आधीची वेळ होती, तो चहा पीत होता. मी म्हटलं, “मास्टर, रविवारी ट्रायल आहे. जमलं तर मी सुटले.” त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, “कोन वाजवनार हाय तितं?” मी म्हटलं, “त्यांचे लोक असतील की.” तो म्हणाला, “मी येऊ का वाजवाला?” मी हसले. रविवारी सकाळी त्याचं चर्च असतं हे मला माहीत होतं. म्हटलं, “काही नको, देवाला सोडून माझ्यामागे कुठे येताय?” तो कपात बघत बसला. मला वाटलं, मी जाणार म्हणून त्याला वाईट वाटतंय.

शाळेचा हॉल, भिंतीवर मुलांनी काढलेले तक्ते. संचाचे मालक झब्बा घातलेले, शांत, बोलायला अगदी मऊ. माझ्याआधी दोघी गायल्या. एक म्हणाली, “सर, मला पांढरी पाच द्या.” दुसरी म्हणाली, “काळी तीन.” लाज नाही, कुजबुज नाही, दुकानात चपलेचा नंबर सांगावा तसं सांगितलं. मला त्यांची थोडी कीवच आली. माझी पाळी आल्यावर मालकांनी विचारलं, “ताई, पट्टी?” मी मान वर करून म्हटलं, “ओरिजनल. काळी चार.” त्यांनी पेटीवाल्याकडे बघितलं. तबलजी माझ्याकडे बघून अभिमानाने हसला.

मुखडा बरा गेला. थोडा जड वाटला, पण सकाळची वेळ, मी मनात म्हटलं, होईल. अंतरा आला. त्या गाण्यातला तो सूर, जो मी रोज संध्याकाळी दारूच्या टेबलांवर उधळत होते, तो लागलाच नाही. आवाज वर गेला आणि चिरकला. जुनं कापड ओढल्यावर फाटतं तसा आवाज आला. मी थांबले. म्हटलं, पुन्हा घेऊ या. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच.

मालक पुढे वाकून अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, “ताई, आवाजाची जात फार सुरेख आहे. पांढरी चारमध्ये घेऊन बघू या का एकदा?”

पांढरी चार. म्हणजे तीन सूर खाली. मला कुणीतरी चारचौघांत साडी नेसायला शिकवतंय असं वाटलं. मी म्हटलं, “नाही. माझी काळी चार आहे. आज घसा बरा नाही एवढंच.” ते म्हणाले, “बघा हं, काही कमीपणा नसतो त्यात.” मी पर्स उचलली. नवरा व्हरांड्यात बसला होता, माझ्याकडे बघून तो उठला आणि त्याने स्कूटर चालू केली. दहिसर चेकनाका येईपर्यंत मी रडत होते आणि तो हळू चालवत होता.

घरी आल्यावर मी स्टूल घेऊन माळ्यावरून पेटी काढली. चादरींचं गाठोडं खाली पडलं, धुरळा उडाला. काळी चारवर बोट ठेवून तो अंतरा गायले. चिरकला. एक सूर खाली आले. चिरकला नाही, पण ताणला. आणखी एक खाली. मग आणखी एक. तिथे आवाज अलगद वर गेला आणि वर जाऊन थांबला, रोज बारमध्ये थांबायचा अगदी तसा. अंगाला ओळखीचा वाटला, मुक्कामाचं घर असावं तसा. मी खाली बघितलं. माझं बोट पांढरी चारवर होतं.

मी तोच सूर पुन्हा पुन्हा दाबत बसले. नवरा चहा घेऊन आला, म्हणाला, “काय झालं?” मी म्हटलं, “मला दोन वर्षं कुणीतरी फसवतंय.” मग मी त्याला समजावून सांगितलं. कीबोर्डला एक बटण असतं, ते दाबलं की वाजवणारा बोटं काळी चारवरच ठेवतो पण आवाज खालचा येतो, आणि एका वेळी एकच सूर, दोन-चार महिन्यांनी एकदा उतरवत नेलं तर गाणाऱ्याला पत्ता लागत नाही. गाणारा आपला गळा सुधारला म्हणून देवाला नमस्कार करत राहतो. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची.” पहिल्यांदाच त्याच्या बोलण्याचा मला राग आला.

त्या दिवशी मी बार उघडायच्या खूप आधी पोचले. उलट्या खुर्च्यांमधून सरळ स्टेजवर गेले आणि कीबोर्डच्या मागे जाऊन उभी राहिले. गायिका नेहमी पुढे उभी असते. एवढ्या दिवसांत मी त्या बाजूने कधी बघितलंच नव्हतं. मास्टरने वायर लावली, छोट्या पडद्यावर आकडे उमटले. त्याने माझ्याकडे बघितलं, मग सवयीने बटण दाबलं. वजा एक. वजा दोन. वजा तीन. माझ्यासमोर दाबलं, लपवलं नाही.

मी बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. म्हटलं, “तुम्ही मला चोरलंत. मी काय आहे तेच मला कळू दिलं नाहीत. मला माहीत असतं तर मी त्या हॉलमध्ये पांढरी चार मागितली असती आणि आज मी थिएटरात असते. त्यांनी मला तीच पट्टी देऊ केली हो! रोज संध्याकाळी मी तीच गातेय आणि तिथे मी नको म्हणून उठून आले!” हे बोलताना माझ्या लक्षात आलं की मला सगळ्यात जास्त दुखत होतं ते हेच. आवाज उतरला हे नाही. वय झालं की आवाज उतरतोच. हातात आलेलं मी नको म्हटलं, आणि तेही कुठल्या जोरावर, तर जे माझ्याकडे नव्हतंच त्या जोरावर.

मास्टर ऐकत होता. मग त्याने कीबोर्ड बंद केला आणि स्टूलवर बसला. म्हणाला, “माझी आय चर्चमंदी गायाची. क्वायरमंदी पुढं उभी रहाची. आवाज गेला तिचा हलूहलू, तसा मी ऑर्गन खाली घेत गेलो. तिला म्हायती नव्हतं. मंग एक दिवस मीच शाना झालो. घरी बोललो, आय, मी तुझ्यासाठी दोन खाली वाजवतो हां.” तो वायर बोटाला गुंडाळायला लागला. “दुसऱ्या रविवारपासून ती गायलीच न्हाय. जायाची, पुस्तक हातात धराची आन तितं नुसती उभी रहाची. मरेपर्यंत उभी.”

आम्ही दोघांनीही त्या वेळी स्टेजच्या त्या बाजूला बघितलं जिथे मुली उभ्या राहायच्या. पाच माइक ओळीने स्टँडला लावलेले होते.

“मंग तुला कसं सांगू बाय?” तो म्हणाला. “रविवारी मी यायाला पायजे होता. फादरला सांगून यायाला पायजे होता.”

माझा राग गेला नाही. कुणाची आई गाते-न गाते म्हणून माझा तोटा भरून येत नव्हता. संचाच्या मालकांना मी नंतर फोन केला, तोपर्यंत त्यांना बाई मिळाली होती, काळी तीनवाली. त्यांनी माझा नंबर ठेवून घेतला. नंबर ठेवून घेणं म्हणजे काय ते या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. मी मास्टरशी काही आठवडे कामापुरतंच बोलले. पण एक ठरवून टाकलं. स्टेजवर चढण्याआधी मी त्याच्या कानाशी लागायचे, उभ्या आयुष्यात जे केलं नव्हतं ते, आणि म्हणायचे, “पांढरी चार.” पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना ते आधी बघून घेतलं. पुढे सवय झाली. तो कीबोर्डच्या वरून मला डाव्या हाताची तीन बोटं खाली करून दाखवायचा, म्हणजे तीन खाली घेतलंय, आणि मी मान हलवायचे. आमचा तो रोजचा नमस्कारच झाला. उभ्यांपैकी एक म्हणाली, “दीदी, ये क्या इशारा है?” मी म्हटलं, “खरं बोलण्याचा.” तिला ते कळलं नाही, आणि मलाही ते बोलून फार मोठं वाटलं असं नाही.

गंमत अशी की पांढरी चार म्हणून गायला लागल्यावर मी जरा बरी गायला लागले. निदान मास्टर तसं म्हणायचा. मान वर करायची गरज उरली नव्हती, त्यामुळे असेल. टेबलांवरचे लोक फोनवर बोलत राहिलेच. पण ती मोठी मुलगी, घोटे दाबणारी, एकदा अंतऱ्याच्या वेळी बंद माइकमध्ये खरंच गात होती. माझ्या मागे, अगदी हळू. मी वळून बघितलं तर लाजली आणि परत ओठ हलवायला लागली.

असं आणखी दीड-दोन वर्षं चाललं. तोवर पेटी माळ्यावरून खाली आली होती. आमच्या बिल्डिंगमधल्या दोन लहान मुलींना मी दुपारी सा रे ग म शिकवायला घेतलं होतं, त्यातली एक शेजारच्या गुजराती भाभीची. एका दुपारी मुली गेल्या आणि मी आपली सहज तो अंतरा म्हणत बसले, आदल्या रात्री कसा छान गेला होता ते आठवून. पांढरी चारवर बोट ठेवलं. आवाज वर गेला आणि काठावर अडकला. मी थांबले. बोट एक सूर खाली आणलं, पांढरी तीनवर, आणि म्हटलं. तिथे तो अलगद वर गेला.

नवरा कोचावर पेपर वाचत होता. त्याला यातलं काही कळलं नसणार. मी पेटीचा भाता बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच एक कप विसळला.

संध्याकाळी मी बारमध्ये गेले. खुर्च्या सरळ होत होत्या, मुली केस विंचरत होत्या. मास्टर कीबोर्डच्या मागे बसला होता. केस सगळे पांढरे झाले होते त्याचे, मला त्या दिवशीच दिसले. मी त्याच्या कानाशी लागले आणि म्हटलं, “पांढरी चार.”

त्याने पडद्याकडे बघितलं. मग वर बघून तीन बोटं खाली करून दाखवली.

“तीनच ना?” मी विचारलं.

“तीनच हाय, बाय.”

कीबोर्डच्या मागे जाऊन पडद्यावरचा आकडा बघायला दोन पावलं पुरली असती. मी पुढे माइकपाशी जाऊन उभी राहिले आणि गायला सुरुवात केली.